मॅन्युअलवरून जुन्या ऑटोमॅटिक गाडीवर येताना: पाहणीपासून पहिल्या चिखलापर्यंत

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रस पट्ट्यात जुन्या ऑटोमॅटिक छोट्या गाड्या आता बऱ्याच दिसतात. कुणाचे गुडघे गेलेले, कुणाची सून रोज तीस किलोमीटरवरच्या शाळेत शिकवायला जाते, कुणी साठीनंतर पहिल्यांदाच गाडी घेतो. घेण्याचं कारण बरोबर असतं, क्रम मात्र उलटा होतो. आधी इसार दिला जातो, मग गाडी दारात येते, आणि आठ दिवसांनी फोन येतो: "भाऊ, चढावर मांगं सरकते, बिघडली का?" बहुतेक वेळा ती बिघडलेली नसते. गाडी कोणत्या प्रकारची आहे हे घेणाऱ्याला कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून हे टप्पे ज्या क्रमानं लिहिले आहेत त्याच क्रमानं करा. चौथ्या टप्प्यातली कागदं पाहून होईपर्यंत विकणाऱ्याच्या हातावर एक रुपयाही ठेवू नका.

## 1. आठ दिवसांचा हिशेब वहीत लिहा

गाडी पाहायला जाण्याआधी आठवडाभर रोज लिहून ठेवा: किती किलोमीटर, डांबरी किती, पांदण रस्ता किती, चढ कुठे, किती माणसं आणि किती ओझं. सोबत एक प्रश्न: ऑटोमॅटिकचा स्कॅनर असलेलं सगळ्यात जवळचं वर्कशॉप कुठे आहे? गावातला मिस्त्री क्लच प्लेट डोळे मिटून बदलेल, पण गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर वाचायचं यंत्र त्याच्याकडे नसतं. यवतमाळ, अमरावती किंवा नागपूर गाठावं लागणार असेल तर ते गाडी घेण्याआधी कळलेलं बरं.

वाहन चालवण्याचा परवाना वेगळा लागत नाही. तुमचा नेहमीचा एलएमव्ही (हलक्या वाहनाचा) परवाना ऑटोमॅटिकलाही चालतो.

## 2. 'ऑटोमॅटिक' म्हणजे नेमकं काय, हे लिव्हरवरून ओळखा

विकणारा सगळ्यांना एकच नाव देतो. दोनच पेडल दिसली की आपणही मान डोलावतो. पण छोट्या गाड्यांत मुख्यतः तीन प्रकार येतात आणि तिघांचा स्वभाव, खर्च आणि चालवायची पद्धत वेगळी आहे. हा टप्पा कंटाळवाणा वाटला तरी सोडू नका, पुढचं सगळं यावर उभं आहे.

एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन). आतला गिअरबॉक्स मॅन्युअलचाच असतो, साधी कोरडी क्लच प्लेटसुद्धा तशीच. फरक इतकाच की क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तुमच्या पाय-हाताऐवजी एक यंत्रणा करते. मारुतीनं 2014 मध्ये सेलेरिओत ती आणली आणि त्यानंतर अल्टो के10, वॅगनआर, टियागो, क्विड, सँट्रो अशा बऱ्याच गाड्यांत आली. ओळख सोपी आहे: लिव्हरवर सहसा 'पी' (पार्क, म्हणजे उभी गाडी अडकवून ठेवणारी जागा) नसतो. आर (रिव्हर्स), एन (न्यूट्रल), डी (ड्राइव्ह, पुढे जायला) आणि एम (मॅन्युअल, गिअर हातानं बदलायला) एवढंच असतं. टाटाच्या काही गाड्यांत डीच्या जागी ए लिहिलेलं असतं. क्विडमध्ये तर लिव्हरच नाही, डॅशबोर्डवर गोल बटण आहे आणि त्यात एम नाही.

टॉर्क कन्व्हर्टर. यात क्लच प्लेटऐवजी तेलातून ताकद पुढे जाते. जुनी आय10 आणि ग्रँड आय10 चार गिअरची, होंडा ब्रिओ पाच गिअरची. लिव्हरवर पी असतो. गिअर अलगद पडतात, पेट्रोल थोडं जास्त लागतं.

सीव्हीटी. ठरावीक गिअर नाहीत, पट्टा आणि पुलीवर चालते. होंडा जाझ, निसान मायक्रा, 2022 आधीची बलेनो ऑटोमॅटिक. यातही पी असतो. ॲक्सिलरेटर जोरात दाबला की इंजिन ओरडतं आणि गाडी मागाहून वेग घेते. तो दोष नव्हे, तिची चालच तशी आहे.

चौथा प्रकार दुहेरी क्लचचा. वॉरंटी संपलेली तशी गाडी खेड्यात घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. दुरुस्ती महाग आणि शहरातच होते.

आमच्याकडच्या रस्त्यांसाठी, एकट्या-दुकट्यानं चालवायची आणि खर्च आवाक्यात ठेवायचा असेल तर मी एएमटी सुचवतो. घरात वयस्कर माणूसच चालवणार असेल, रोजचं अंतर कमी असेल, आणि नीट सर्व्हिसच्या नोंदी असलेली टॉर्क कन्व्हर्टर मिळाली तर ती जास्त सुखाची. पी असणं हा वयस्कर माणसासाठी मोठा आधार आहे.

> तपासा: पाहत असलेल्या गाडीचा प्रकार, लिव्हरवरची अक्षरं आणि बनावटीचं वर्ष वहीत लिहिलं का? क्विड घेत असाल तर एक जादा प्रश्न: सुरुवातीच्या एएमटी क्विड ब्रेक सोडल्यावर आपोआप सरकत नव्हत्या, ती सोय 2018 मध्ये आली. खाली शिकण्याचा जो क्रम दिला आहे तो सरकणाऱ्या गाडीसाठी आहे.

## 3. थंड इंजिनावर पाहणी, गरम झाल्यावर पुन्हा

विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगा: मी सकाळी येतो, माझ्याआधी गाडी सुरू करू नका. पोचल्यावर पहिलं काम बॉनेटवर हात ठेवायचं. कोमट लागलं तर चहा पिऊन परत फिरा, दुसऱ्या दिवशी जा. गिअरबॉक्सचे बरेच दोष फक्त थंडीत दिसतात आणि उरलेले फक्त गरम झाल्यावर. म्हणून दोन्ही वेळा पाहायचं.

गाडी सुरू करण्याआधी. चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. ही सवय मला एका गाडीनं लावली. बाहेरून काच लखलखीत, सीटवर नवीन कव्हर, आत अत्तराचा वास. मागचा बेल्ट पूर्ण ओढला तेव्हा शेवटून दोन वितीवर पट्ट्यावर आडवी मातकट रेघ होती, खाली कपडा फिका आणि वर काळा. पाणी तिथपर्यंत चढलं होतं. नाल्याच्या पुरात बसलेली गाडी धुता येते, पण गुंडाळलेला बेल्ट कुणी धूत नाही. मग गालिचा उचला, सीटच्या रुळांवर गंज आणि वाळलेली काळी माती बघा. ऑटोमॅटिकमध्ये गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर आणि त्याच्या वायरी असतात. पाण्यात गेलेल्या गाडीत त्या आज चालतील, भादव्यात दगा देतील.

बॉनेट उघडून वायरिंगवर उंदरांचे दात पाहा. सोयाबीन किंवा तुरीची पोती असलेल्या गोठ्याशेजारी उभी राहणारी गाडी असेल तर हे नक्की पाहा. टेप गुंडाळलेली प्रत्येक जागा विचारा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. आमच्या मे महिन्यातल्या डांबरावर जुना टायर चालत नाही, नक्षी कितीही खोल दिसो.

चावी फिरवल्यावर. सगळे दिवे लागून विझायला हवेत आणि लिव्हर एनवर असेल तर गिअरच्या जागी एन, पीवर असेल तर पी दिसायला हवा. एकही दिवा लागलाच नाही तर तोही संशय धरा, बल्ब काढलेला असू शकतो. काही एएमटी गाड्यांत दार उघडल्यावर किंवा चावी फिरवल्यावर पंपाचा बारीक घुर्र आवाज येतो. तो काही सेकंदांत थांबला तर ठीक. पुन्हा पुन्हा येत राहिला तर दाब टिकत नाही असं समजा.

ब्रेक दाबून, जागेवर. एन ते डी, डी ते एन, एन ते आर, सावकाश तीन-तीनदा. गिअर लगेच लागायला हवा. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये दोन सेकंदांपेक्षा जास्त उशीर किंवा 'ठक्क' असा दणका आला तर पुढे जाऊ नका.

चालवताना, किमान चाळीस मिनिटं. यात एवढं नक्की करा:

- सपाटीवर ब्रेक सोडून गाडी सरकू द्या. एएमटी थरथरत सरकत असेल तर क्लच प्लेट संपत आली असण्याची शक्यता मोठी.
- चढावर पूर्ण थांबून पुन्हा निघा. मग त्याच चढावर रिव्हर्स घ्या. बहुतेक पाहणारे रिव्हर्स विसरतात आणि घासलेली प्लेट तिथेच उघडी पडते.
- 40 च्या वेगात ॲक्सिलरेटर अर्ध्यापेक्षा जास्त दाबा. इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी ओढत नाही, असं झालं तर आत काहीतरी घसरतंय.
- एम असेल तर प्रत्येक गिअर हातानं वर-खाली करून पाहा.
- सीव्हीटी असेल तर 20 ते 40 च्या वेगात कंप आणि शिट्टीसारखा आवाज ऐका. रेडिओ, एसी, पंखा, सगळं बंद करून.

मग गाडी थांबवून उतरा आणि पुढच्या चाकाजवळ वास घ्या. जळक्या क्लचचा वास ट्रॅक्टरवाल्यांना सांगायला नको. आता गरम इंजिनावर जागेवरची गिअर तपासणी पुन्हा करा.

शेवटी स्कॅनर. शहरातल्या वर्कशॉपमध्ये पैसे देऊन गाडी स्कॅन करून घ्या, साठवलेले फॉल्ट कोड आणि जिथे मिळतं तिथे क्लचच्या झिजेचं वाचन लिहून आणा. विकणारा याला तयार नसेल तर उत्तर तिथेच मिळालं.

> सावधान: "गिअरबॉक्सचं तेल आयुष्यभर बदलावं लागत नाही" असं कुणी सांगितलं तर त्यावर विसंबू नका. टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटीमध्ये तेलच सगळं काम करतं. ते कधी बदललं याची नोंद नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करून बोला.

## 4. कागद, मग पैसे

इथे थोडक्यात. आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळवा. एमपरिवहन ॲपवर विमा, पीयूसी आणि नोंदणीची मुदत पाहा, थकीत ई-चलन परिवहनच्या संकेतस्थळावर पाहा. कर्ज होतं तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 हवा. नाव बदलायला फॉर्म 29 आणि 30. यवतमाळच्या माणसानं एमएच-31 ची गाडी घेतली तर नागपूरच्या कार्यालयाची कागदं आधी, इकडची नोंद नंतर. 1 एप्रिल 2019 आधीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट बसली आहे का तेही बघा.

विमा 14 दिवसांच्या आत आपल्या नावावर करायचा अर्ज द्या. लोक आरसी होईपर्यंत थांबतात आणि मधल्या काळात रोही (नीलगाय) आडवी आली की गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो गाडीचा नसून माणसाचा असतो.

दिल्लीकडची स्वस्त गाडी कुणी दाखवली तर महाराष्ट्राचा रस्ता कर, तिकडची एनओसी आणि आणण्याचा खर्च मिळवून मग स्वस्ताई मोजा.

## 5. पहिल्या शंभर किलोमीटरच्या आत

बॅटरी तपासून घ्या, शंका असेल तर नवी टाका. मॅन्युअल गाडीत कमजोर बॅटरी म्हणजे दोन पोरांचा धक्का, एवढाच प्रश्न. एएमटीमध्ये व्होल्टेज पडलं की गिअर आहे तिथेच अडकतो. गिअरबॉक्सचं तेल कंपनीनं सांगितलेल्या नेमक्या प्रतीचंच घाला. सीव्हीटीत चुकीचं तेल गेलं तर गिअरबॉक्स जातो. एएमटीत गिअर ऑइल आणि जिथे हायड्रॉलिक यंत्रणा आहे तिथलं वेगळं तेल, अशा दोन गोष्टी पाहायच्या असतात. मिस्त्रीला दोन्ही विचारा.

चालकाच्या पायाखालची जाड, सुटी रबरी चटई आजच काढा. ती पुढे सरकून ॲक्सिलरेटरवर बसते आणि ऑटोमॅटिकमध्ये क्लच दाबून इंजिन तोडायची सोय नाही. हुकात अडकणारी चटईच वापरा.

## 6. डावा पाय बाजूला ठेवायला शिका

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. तीस-चाळीस वर्षं मॅन्युअल चालवलेल्या माणसाला नवं काही शिकायचं नसतं, एक सवय मोडायची असते. ते शिकण्यापेक्षा अवघड आहे.

माझ्या बाबांचं वय तेव्हा चौसष्ट. पहिल्या दिवशी मी त्यांना सरळ गावच्या रस्त्यावर नेलं, ही माझी चूक. फाट्याजवळ बैलबंडी आडवी आली, बाबांनी वेग कमी केला आणि सवयीनं डावा पाय क्लच समजून पूर्ण दाबला. तिथे क्लच नव्हता, रुंद ब्रेक होता. गाडी जागेवर रुतल्यासारखी थांबली, बाबांची छाती स्टिअरिंगवर आणि मागची मोटरसायकल आमच्या बंपरला लागता लागता राहिली. "मले वाटलं क्लच हाय," एवढंच ते म्हणाले आणि चावी काढून माझ्या हातात दिली. पुढे पंधरा दिवस गाडीला हात लावला नाही. पुन्हा बसले तेव्हा आम्ही शाळेच्या मैदानापासून सुरुवात केली, आणि तिथे जो क्रम बसला तोच खाली देतो.

जागा: शाळेचं मैदान सुट्टीच्या दिवशी, बाजार समितीचं रिकामं आवार, किंवा पीक निघालेलं कोरडं वावर. विहीर, भिंत, ढोरं, पोरं जवळ नकोत.

पायात: मागून पट्टा असलेली चप्पल किंवा बूट. सैल स्लीपर नको, वावरातले गमबूट तर अजिबात नकोत. रुंद तळवा दोन्ही पेडलवर पडतो.

दिवस 1, अर्धा तास. ॲक्सिलरेटरला हात... म्हणजे पाय लावायचाच नाही. डावी टाच सीटकडे मागे ओढून ठेवा, मांडी दुमडलेली. उजव्या पायानं ब्रेक, गिअर डी, ब्रेक हळू सोडा, गाडी सरकेल. दहा पावलांवर थांबवा. हे पन्नास वेळा. मग रिव्हर्समध्ये वीस वेळा. दुसऱ्या दिवशीही हेच, कंटाळा आला तरी.

दिवस 3. आता ॲक्सिलरेटर. उजवी टाच ब्रेकसमोर जमिनीवर टेकवा आणि पंजा फिरवून ॲक्सिलरेटरवर न्या. टाच उचलायची नाही. घाबरल्यावर पाय आपोआप ब्रेककडे पडावा म्हणून हे. शेजारी बसलेल्यानं अचानक "थांबा!" म्हणायचं आणि चालवणाऱ्यानं थांबवायचं. डावा पाय हलला की मोजा. बाबांचा पहिल्या दिवशी अकरा वेळा हलला, चौथ्या दिवशी एकदा.

दिवस 4 आणि 5. चढ. एएमटीमध्ये चढावर निघताना गाडी धरून ठेवणारी सोय बऱ्याच जुन्या गाड्यांत नाही, म्हणून हँडब्रेकनंच निघायचं: हँडब्रेक ओढलेला, गिअर डी, ॲक्सिलरेटर हलका, गाडीचं नाक किंचित उठलं की हँडब्रेक सोडा. मॅन्युअलमध्ये केलेलंच आहे हे, फक्त क्लच वजा.

दिवस 6 आणि 7. सकाळचा रिकामा डांबरी रस्ता, मग गाव, आणि सगळ्यात शेवटी बाजाराचा दिवस.

> सावधान: वाड्यात किंवा शेडमध्ये गाडी लावताना शेवटचे पाच फूट फक्त ब्रेक सोडून सरकत जा, ॲक्सिलरेटर नको. उंबरठ्यावर चाक अडलं म्हणून जरासं दाबलं आणि गाडी भिंतीत गेली, हा प्रकार मी दोन घरी पाहिला आहे. अडलं तर मागे घ्या, उंबरठ्याला फळी लावा.

> तपासा: एन, डी किंवा आर बदलण्याआधी दरवेळी गाडी पूर्ण थांबून ब्रेक दाबलेला असतो का? चाक फिरत असताना डीवरून आर केला तर गिअरबॉक्सवर मार बसतो.

## 7. आमचे रस्ते

ओव्हरटेक. दुपदरी रस्त्यावर कापसानं भरलेल्या ट्रॉलीच्या मागे असताना एएमटी सगळ्यात जास्त फसवते. तुम्ही बाहेर निघता, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबता, आणि नेमकी त्याच क्षणी ती गिअर बदलायला थांबते. तो एक क्षण समोरून ट्रक येत असताना फार मोठा असतो. म्हणून ट्रॉलीच्या मागे असतानाच एम करून एक गिअर खाली घ्या, इंजिनाचा आवाज उचलला की मग बाहेर निघा. एम नसलेल्या गाडीत ॲक्सिलरेटर आधी दाबा, गिअर पडल्याचं जाणवू द्या, तेव्हाच रस्ता बदला. टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटीमध्येही अंतर मॅन्युअलपेक्षा जास्तच धरा. शंका असेल तर मागेच राहा. रात्री ट्रॉलीला मागे दिवा नसतो आणि तिच्यापुढे किती ट्रॉल्या आहेत ते दिसत नाही.

रेल्वे फाटक आणि चढावरची रांग. चढावर ॲक्सिलरेटर हलका दाबून गाडी तोलून धरणं ही जुनी मॅन्युअलची खोड. एएमटीत यानं क्लच जळतो. काही गाड्या बीप करून सांगतात, लोक त्या बीपकडे लक्ष देत नाहीत. ब्रेक धरा. मिनिटापेक्षा जास्त थांबायचं असेल तर एन आणि हँडब्रेक.

उतारावर न्यूट्रल. पेट्रोल वाचतं असं मानून आमच्याकडे सर्रास करतात. आजच्या इंजिनात गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की पेट्रोलचा फवाराच बंद होतो, उलट एनमध्ये इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं. शिवाय इंजिनाची धरण जाते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना एममध्ये दुसरा गिअर, किंवा लिव्हरवर एल, 2 किंवा एस असेल तर तो लावा आणि ब्रेक मधून मधून दाबा. सतत दाबून धरलेले ब्रेक तापतात आणि पेडल मऊ पडतं.

काळ्या मातीचा चिखल. पांदणीत शिरण्याआधी एम, पहिला किंवा दुसरा गिअर, आणि एकसारखा मंद वेग. मध्ये थांबायचं नाही. रुतलीच तर चाक फिरवत बसू नका. ट्रॅक्टरसारखं पुढे-मागे, पुढे-मागे झोके देऊन काढणं ऑटोमॅटिकला मारक आहे. उतरा, चाकापुढची माती खरवडा, पऱ्हाटी, पोतं किंवा गिट्टी घाला आणि एकदाच हळू निघा. नाही निघाली तर ओढून काढा, पण त्याआधी पुढचा टप्पा वाचा.

पुलावरून पाणी जात असेल तर थांबा. तिथे ऑटोमॅटिक काय आणि मॅन्युअल काय.

## 8. उभी करणं, बंद पडणं, ओढणं

पी असलेल्या गाडीत: ब्रेक दाबून थांबा, एन करा, हँडब्रेक ओढा, पायाचा ब्रेक क्षणभर सोडून गाडी हँडब्रेकवर बसू द्या, पुन्हा ब्रेक दाबून पी करा, मग इंजिन बंद. सरळ पी केला तर उतारावर गाडीचा सगळा भार आतल्या एका लहान खुंटीवर येतो.

पी नसलेल्या एएमटीत: हँडब्रेक ओढा, गिअर डी किंवा आर ठेवूनच ब्रेक दाबून इंजिन बंद करा, म्हणजे गाडी गिअरमध्ये अडकून राहते. चढाकडे तोंड असेल तर डी, उताराकडे असेल तर आर. एनमध्ये फक्त हँडब्रेकवर सोडलेली गाडी ही पी नाही हे विसरल्याची खूण असते. चाकाला दगड लावायची आपली सवय इथेही ठेवा. पुन्हा सुरू करताना ब्रेक दाबा, एन करा, मग चावी. "सुरूच होत नाही" असे निम्मे फोन एवढ्यावर मिटतात.

बॅटरी उतरली: धक्का स्टार्ट विसरा. डिकीत चांगल्या जाड जंप केबल ठेवा आणि शेजारच्या गाडीवरून सुरू करा.

ओढायची वेळ आली: इथे ट्रॅक्टर आणि दोर लगेच मिळतो, आणि तिथेच गिअरबॉक्स जातो. टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटीमध्ये आतलं तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद आणि पुढची चाकं जमिनीवर फिरतायत, म्हणजे गिअरबॉक्स कोरडा फिरतोय. चिखलातून दहा-वीस फूट एन करून सरकवणं वेगळं, तालुक्यापर्यंत ओढणं वेगळं. पुढची चाकं उचलून किंवा पूर्ण गाडी ट्रकवर चढवूनच न्या. एएमटी एनमध्ये असेल तर ओढता येते. गिअरमध्ये अडकली असेल तर तीसुद्धा पुढून उचलावी लागेल. पीमध्ये अडकलेल्या गाडीत लिव्हरजवळ बहुधा एक छोटं झाकण असतं, त्यात स्क्रूड्रायव्हर दाबून लिव्हर एनवर येतो. ते झाकण तुमच्या गाडीत कुठे आहे ते आज उजेडात शोधून ठेवा.

## 9. दिवसा ट्रॅक्टर, संध्याकाळी ऑटोमॅटिक

शहरातले सल्ले हा भाग कधी सांगत नाहीत. आमच्याकडे एकच माणूस सकाळपासून ट्रॅक्टरचा क्लच दाबतो आणि संध्याकाळी त्याच पायानं ऑटोमॅटिकमध्ये बसतो. सात दिवसांत मोडलेली सवय ट्रॅक्टर दोन तासांत परत आणतो. पेरणीच्या आणि काढणीच्या दिवसांत हे जास्त होतं, कारण माणूस थकलेला असतो.

बाबांसाठी आम्ही एक नियम केला. गाडीत बसलं की आधी डावी टाच मागे, सीटच्या कडेला लागेपर्यंत. मग ब्रेक दाबून तोंडानं म्हणायचं, "दोनच पेडल." मग चावी. अंगणातच एकदा सरकून थांबायचं आणि तेव्हाच फाटकाबाहेर. आता त्यांना कुणी सांगावं लागत नाही. ट्रॅक्टर लावून आले की ते हात धुतात, चप्पल बदलतात, आणि गाडीत बसल्यावर ओठ हललेले मला ओसरीवरून दिसतात.

शेजारी किंवा पुतण्या गाडी मागायला आला तर चावी देण्याआधी त्यालाही अंगणात तीनदा सरकवून थांबवायला लावा, दिवस पहिल्यासारखं, ॲक्सिलरेटरविना. डावा पाय हलला तर त्या दिवशी तुम्हीच सोडून या.